हुकूमनामा हातात आलाय का? मग अपील

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आटोपून सरळ आमच्या ऑफिसात येणारे पक्षकार पुष्कळ. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्यात मोबाईलवर काढलेला रोजनाम्याचा, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीचा, फोटो, आणि बोलणं एकच: "कोर्टानं आमच्याविरुद्ध दिलं, आजच अपील घाला!" मी वकिलाचा कारकून. ही घाई मलाही एकदा भोवलीय.

भाटातल्या, म्हणजे माडांच्या बागेतल्या, वाटेचा दावा होता, आम्ही प्रतिवादी. दावा मुदतबाह्य आहे हा आमचा मुद्दा कोर्टानं आधी ऐकला आणि फेटाळला. दावा पुढे चालूच राहिला. पक्षकार भडकले, मी रात्री बसून अपिलाचा मेमो टाइप केला. वरच्या कोर्टानं विचारलं, हुकूमनामा कुठाय? म्हणजे डिक्री, निकालानंतर निघणारा हक्क ठरवणारा कोर्टाचा औपचारिक कागद. तो नव्हताच. अपील अकाली म्हणून फेटाळलं.

तेव्हापासून मी आधी बघतो, नेमकं काय झालंय. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६ खालचं अपील हुकूमनाम्यावर होतं, एखाद्या मुद्द्यावरच्या निष्कर्षावर नाही. तो निष्कर्ष राखून ठेवा. शेवटच्या अपिलात कलम १०५ खाली मांडता येतो. पण वादपत्रच (दाव्याचा मूळ अर्ज) फेटाळलं तर तो हुकूमनामा धरतात. तात्पुरत्या मनाईहुकमालाही थांबायचं कारण नाही, त्याच संहितेच्या आदेश ४३ मध्ये त्यावर अपिलाची सोय आहे. आणि वाटपाच्या दाव्यातला प्राथमिक हुकूमनामा, कोणाचा किती वाटा ते ठरवणारा? तिथे उलटं. तेव्हाच अपील केलं नाही, तर अंतिम हुकूमनाम्याच्या वेळी त्याबद्दल तोंड उघडता येत नाही. (आपल्याकडची इन्व्हेंटरी, म्हणजे गोव्यातली वारसांमधल्या वाटणीची प्रक्रिया, वेगळ्या कायद्यानं चालते, ती या हिशेबात धरू नका.)

निकाल लागला की दिवस मोजा. अपिलाला जिल्हा न्यायालयात ३०, पर्वरीच्या उच्च न्यायालयात ९०. हुकूमनाम्यावर सही उशिरा झाली तरी तारीख निकालाचीच पडते, इथे भलेभले फसतात. नक्कल मिळवायला लागलेले दिवस वजा होतात, पण तुम्ही अर्ज करण्याआधी हुकूमनामा तयार करण्यात कोर्टाचे गेलेले दिवस वजा होत नाहीत. म्हणून निकाल ऐकला की मी जेवायला जाण्याआधी नक्कल-अर्ज देतो. प्रत मिळाली की शिक्क्यातल्या तारखा वाचा: अर्ज कधी, प्रत तयार कधी, दिली कधी. तयार प्रत खिडकीवर पडून राहिली, तर ते दिवस तुमच्या खात्यावर.

निकालापासून हुकूमनामा १५ दिवसांत व्हायला हवा. रखडला, तर निकालपत्राच्या प्रतीवरही अपील दाखल होतं. मात्र कोर्टात कानांनी ऐकलेल्या शेवटच्या दोन ओळींवर नाही.

अकाली म्हणून फेटाळलंच, तर आदेश नीट वाचा. गुणदोषांवर काही लिहिलेलं नसेल तर घाबरू नका. हुकूमनाम्यानंतर नवं अपील करायची मुभा वकिलांना तिथल्या तिथे नोंदवून घ्यायला सांगा.

आमचा वाटेचा दावा पुढे निकाली निघाला, विरोधातच. मुदतीचा मुद्दा नव्या मेमोत पहिला घातला, मागे निकालपत्राची प्रत जोडली. या खेपेला खिडकीवरच्या माणसानं फक्त पानं मोजली.