ग्रीक फौजी घरातल्या मुलीची गोष्ट लिहायचीय? आधी साल ठरवा

कडक बाप आणि वयात येणारी मुलगी, एवढ्यावर गोष्ट उभी राहत नाही, असा बाप कुठेही सापडतो. ग्रीसमधलं घर घेताय तर आधी मुलीचं जन्मसाल पक्कं करा. मी तर 1957 ची सुरुवात धरेन. म्हणजे 21 एप्रिल 1967 ला लष्कर सत्ता बळकावतं तेव्हा ती दहाची, नोव्हेंबर 1973 मध्ये विद्यार्थ्यांचा उठाव चिरडायला अथेन्सच्या पॉलिटेक्निकचं गेट रणगाड्याने पाडलं तेव्हा सोळाची, आणि जुलै 1974 मध्ये सायप्रसचं प्रकरण (तिथे घडवलेलं बंड आणि त्यावर तुर्कस्तानची चढाई) अंगाशी येऊन राजवट कोसळते तेव्हा सतराची. ओढूनताणून काही जुळवावंच लागत नाही.

बापाला सरळ व्हिलन करू नका प्लीज. प्रत्येक अधिकारी सत्ता बळकावणाऱ्या त्या कर्नल मंडळींच्या बाजूचा नव्हता, नौदलात तर मे 1973 मध्ये बंडाचा प्रयत्नच झाला. आपला बाप नक्की कुठल्या बाजूचा हे मुलीला कळू देऊ नका, विचारायची तर सोयच नाही, मग जेवणाचं टेबल आपोआप तंग होतं.

बदल्या दाखवा, आज तुर्कस्तानच्या सीमेवर एव्रोसला, उद्या लारिसाला, दरवेळी नवी शाळा आणि नव्या मैत्रिणी. 25 मार्चची, म्हणजे ग्रीसच्या स्वातंत्र्यदिनाची परेड घ्याच, मुलगी शाळेच्या रांगेत आणि बाप युनिफॉर्ममध्ये मान्यवरांत उभा, तिची पावलं चुकतायत का बघत. (वाढदिवसाचा केक मात्र नको, तिकडे नामदिनाला, म्हणजे आपल्या नावाच्या संताच्या दिवसाला, जास्त मान.)

आणि गाणी! डाव्या विचारांचा संगीतकार मिकिस थिओडोराकिस, त्याच्या संगीतावर 1967 मध्येच बंदी आली होती, तर मैत्रिणीने दिलेली रेकॉर्ड ती ऐकणार कधी? दुपारी, सगळं घर झोपलेलं असताना, आवाज अगदी बारीक, कान स्पीकरला चिकटवलेला आणि एक हात सुई उचलायला तयार, तेवढ्यात आतल्या खोलीत पलंग करकरतो. ह्याला पानभर द्या, भाषणं कापा.

1974 ला गोष्ट संपवायचा मोह होईल, तो टाळा. देशात लोकशाही आली तरी घरात बापाचाच शब्द चालतो, हुंडा आणि पुरुषच कुटुंबप्रमुख हा नियम कायद्यातून गेला तो थेट 1983 मध्ये, तोवर ती सव्वीसची. मधली वर्षं भराभर उरका, पण तिच्या हुंड्यासाठी बापाने घेऊन ठेवलेल्या फ्लॅटची चावी शेवटी कोणाकडे जाते ते दाखवल्याशिवाय थांबू नका.