अडलेला उंट

आधीच सांगते, बुद्धिबळ खेळलं की माणूस आपोआप नेतृत्व करायला लागतो, यावर माझा विश्वास नाही. पटावर वाघ असलेले, पण चार माणसांकडून धड एक काम करून घेता न येणारे मी पुष्कळ पाहिलेत. इंग्लंडमध्ये १०० शाळा घेऊन, मुलांना वर्गात बुद्धिबळ शिकवल्याने काय होतं, हे तपासलं होतं. २०१६ च्या अहवालात गणितात काहीच फरक दिसला नाही. पटावरची अक्कल पटावरच राहते, तिला बाहेर आणायचं तर बखोटीला धरून आणावी लागते. मी पॅकिंग विभागात एक शिफ्ट सांभाळते, अकरा माणसं. मला जमलेली रीत सांगते.

झटपट डाव बाजूला ठेवा. मोबाईलवर तीन मिनिटांचे डाव मीही खेळते, पण त्यातून सवय लागते ती घाईची. आठवड्यातून एकच डाव, प्रत्येकी निदान अर्धा तास, समोर हाडामांसाचा माणूस आणि ‘शिवलं की चालवायचं’ हा नियम. सोंगटीला हात लागला की ती हलवायचीच, ‘अगं थांब, लक्ष नव्हतं’ चालत नाही. माझा एक वजीर असाच गेलाय. त्यानंतर मी विचार होईपर्यंत हात मांडीखाली घेऊन बसते. कुणी ‘मॅडम, शनिवारी सुट्टी मिळेल का’ विचारलं की पूर्वी तोंडातून पटकन ‘बघू, होईल’ निघायचं. आता तोंडाला तोच नियम लावलाय.

डाव लिहून काढा, आणि प्रत्येक चालीशेजारी घड्याळात उरलेली मिनिटंही लिहा. माझ्या एका डावाचा कागद अजून जपून ठेवलाय. नवव्या चालीला अकरा मिनिटं गेली होती, उंट ई७वर ठेवू की डी६वर या प्रश्नात (पटावरच्या घरांची ही नावं, अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा), आणि दोन्ही चाली ठीकच होत्या. सत्ताविसाव्या चालीला, जिथे डाव फिरला, तिथे चाळीस सेकंद. असे पाच-सहा कागद शेजारी ठेवले तेव्हा कळलं की मी अवघड प्रश्नावर वेळ घालवतच नाही, आवडत्या प्रश्नावर घालवते. कामावरही तेच. पाळ्यांचा तक्ता देखणा करायला तासभर, आणि सारखा उशिरा येणाऱ्या माणसाशी बोलायला जिन्यात दोन मिनिटं.

आता मुख्य गोष्ट. काळ्या सोंगट्या आल्या की मी फ्रेंच बचाव खेळते. पांढऱ्याने ई४ केलं की ई६, डी४ केलं की डी५. मग पांढरा ई५ ढकलतो आणि माझा सी८वरचा उंट कोंडला जातो. एका डावात तो अडतिसाव्या चालीपर्यंत, म्हणजे मी हरेपर्यंत, तिथेच बसून होता. त्याच्या पलीकडे ए८वर हत्तीही अडकलेला. दोन मोहरे कमी घेऊन लढल्यासारखंच झालं. उंट कुचकामी, म्हणून मी त्यालाच दोष देत होते. पण त्याची वाट अडवणारी प्यादी पांढऱ्याची नव्हती, मीच पहिल्या दोन चालींत तिथे नेऊन ठेवली होती.

आमच्यात एक जण आहे, यंत्रांवर हात बसलेला, पण सदान् कदा रिकामा उभा दिसायचा. मी त्याला आळशी धरून चालले होते. डावानंतर लगेच डोक्यात प्रकाश पडला वगैरे नाही, तीन आठवडे गेले. मग एका रात्री पट्टा बंद पडला आणि तो हातात पाना घेऊन माझ्या सहीची वाट बघत उभा दिसला. सहीशिवाय यंत्र उघडायचं नाही, हा नियम माझाच! वीज कशी तोडायची, कुलूप कुणी लावायचं, हे त्याच्याबरोबर बसून लिहून काढलं आणि किरकोळ दुरुस्तीपुरती सहीची अट काढली.

तेव्हापासून दर पाच-सहा चालींनी मी पटाकडे बघून विचारते: सगळ्यात रिकामा कोण बसलाय, आणि त्याच्या वाटेत मी काय ठेवलंय? फ्रेंचमधल्या उंटाला वाट असते, पण वळसा घालून: डी७, ई८, मग एच५. त्यासाठी आधी एफ रांगेतलं प्यादं पुढे सरकवावं लागतं, आणि राजासमोर थोडी फट पडते ती सोसावी लागते.

कधीकधी वाटेत प्यादं नसतं, मोठा मोहरा असतो. १९५३ मध्ये झुरिचच्या कँडिडेट्स स्पर्धेत, म्हणजे जगज्जेत्याला आव्हान कोण देणार हे ठरवणाऱ्या स्पर्धेत, सोव्हिएत खेळाडू पेट्रोसियन अमेरिकेच्या रेशेव्हस्कीविरुद्ध काळ्या सोंगट्यांनी खेळत होता. घोड्याला डी५वर जायचं होतं, रस्ता ई७वरून, आणि तिथे स्वतःचाच हत्ती. पंचविसाव्या चालीला त्याने तो हत्ती ई६वर नेला, पांढऱ्याच्या उंटाला खाता येईल अशा घरी. उंटाने खाल्लाही. घोडा मात्र डी५वर पोचला आणि डाव बरोबरीत सुटला. आमच्या विभागात ई७वरचा हत्ती म्हणजे बऱ्याचदा मीच असते. (बळी देण्याची गंमत मात्र इथेच सोडा. सोंगटी रुसत नाही, घरी जाऊन रडत नाही, पुढच्या डावाला मुकाट्याने जागेवर येते. माणसांचं तसं नसतं.)

डाव संपल्यावर संगणक बंद ठेवून समोरच्याबरोबर दहा मिनिटं बसा. ‘मी कुठे चुकले’ आधी विचारू नका, ‘तुला कुठे भीती वाटली होती’ हे विचारा. नेमकी तीच चाल आपल्याला दिसलेली नसते. चुकीचा माल गेला की ‘कुणी केलं’च्या आधी मी आता ‘त्या वेळी तुला काय दिसत होतं’ विचारते. उत्तरं लांबतात, पण खरी असतात.

परवाच्या डावात मी उंट चौदाव्या चालीलाच बाहेर काढला, एच५वर थाटात नेऊन बसवला, आणि तरी हरले. त्याच्या कौतुकात घोडा बी८वरच राहिला होता.