आई-बाबांचं तिकीट पॉइंटांवर काढायचं असेल तर

जानेवारी उजाडला की न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनच्या गोतावळ्यातून कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "क्रेडिट कार्डावर दीड-दोन लाख पॉइंट पडून आहेत, आई-बाबांना मेमध्ये आणायचंय. एवढ्यात भागेल का?" मी उलट विचारते, "परत कधी जाणार आहेत?" समोरचा गडबडतो, कारण त्याच्या डोक्यात फक्त येणं असतं. माझे बाबा यायला कधीही तयार असतात, जायची तारीख मात्र गणपती ठरवतात. साताऱ्याच्या घरी दीड दिवसाचा गणपती बसतो आणि त्याची पूजा दुसऱ्या कुणी केलेली त्यांना चालत नाही. म्हणजे ऑगस्टचा शेवट, फार तर सप्टेंबरचा पहिला आठवडा. नेमके त्याच दिवसांत न्यू जर्सीतले निम्मे आई-बाबा परत निघालेले असतात.

म्हणून पॉइंट मोजण्याआधी प्रवास एका कागदावर उतरवा. निघायचं कुठून, तारीख किती दिवस पुढे-मागे चालेल, वाटेत किती ठिकाणी विमान बदललेलं झेपेल, आणि गुडघे कसे आहेत. गुडघ्यांचं मी थट्टेने लिहीत नाही. मुंबई ते नेवार्क साधारण ७,८०० मैल आहे. थेट गेलं तरी पंधरा-सोळा तास, आणि मध्ये बदल आला की त्यात फ्रँकफर्ट नाही तर इस्तंबूलची लांबलचक चाल आली. हा कागद तयार असला की पुढचे निम्मे मोह आपोआप गळतात.

तयारी सुरू कधी करायची? बहुतेक विमान कंपन्या साधारण ३३० ते ३६० दिवस आधी विक्री उघडतात आणि पॉइंटांवरच्या मोजक्या जागाही तेव्हाच दिसायला लागतात. न विकल्या गेलेल्या जागा कधी कधी शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत पुन्हा सुटतात, पण सत्तरीच्या माणसाला "बॅग भरून ठेवा, बघू कधी निघायचं ते" असं सांगता येत नाही. तेव्हा या वर्षीचा गणपती झाला की पुढच्या वर्षीच्या परतीकडे लक्ष ठेवायला लागा. मेमधलं येणं त्यामानाने सोपं जातं, कारण तेव्हा इथून तिकडे जाणाऱ्यांची झुंबड असते, तिकडून इकडे येणाऱ्यांची तेवढी नसते.

येण्याचं आणि जाण्याचं तिकीट वेगवेगळं काढा. रोखीच्या तिकिटात एकेरी प्रवास बहुधा महाग पडतो. पॉइंटांत तसं नसतं, जाणं-येणं म्हणजे सरळ दोन एकेऱ्यांची बेरीज. बाबांनी तारीख हलवली, आणि ते हलवतातच, तर फक्त परतीचं तिकीट बदलायचं. येताना परतीच्या तिकिटाची प्रत हातातल्या बॅगेत असू द्या. इमिग्रेशनवर कुणी विचारलंच तर शोधाशोध नको.

आता पॉइंटांची मोजणी. इथे दोन ढीग करा. बँकेचे पॉइंट, म्हणजे चेसचे किंवा अमेक्सचे, हे मोकळे पैसे. ते बँकेच्या यादीतल्या हव्या त्या विमान कंपनीकडे वळवता येतात. युनायटेडच्या किंवा एअर कॅनडाच्या खात्यात आधीच पडलेले माइल्स, म्हणजे विमान कंपनीचे स्वतःचे पॉइंट, हे बांधलेले पैसे. आधी बांधलेले संपवा, मोकळे शेवटपर्यंत हातात ठेवा. चेसचे पॉइंट नवरा-बायकोला एका खात्यात आणता येतात, अमेक्सचे नाही. युनायटेडचे माइल्स २०१९ पासून कालबाह्य होत नाहीत. एरोप्लान या एअर कॅनडाच्या पॉइंट-कार्यक्रमात मात्र १८ महिने काहीच हालचाल नसेल तर खातं रिकामं होतं. बँकेचे पॉइंट कार्ड चालू असेपर्यंत राहतात. वार्षिक फी वाचवायला कार्ड बंद करण्याच्या भरात तीस-चाळीस हजार पॉइंट घालवलेले दोघंजण माझ्या ओळखीत आहेत. आणि ज्याचं कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरलं जात नाही, त्याने हे सगळं इथेच सोडून द्यावं. वीस टक्क्यांच्या वर व्याज भरून फुकट तिकीट मिळत नसतं.

पॉइंट कुठे वळवायचे, या प्रश्नात खरा फायदा लपलेला आहे. माल एकच, दुकानं वेगळी. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, लुफ्तान्सा, स्विस, टर्किश, युनायटेड, एअर कॅनडाही त्यातच. त्यामुळे लुफ्तान्साच्या मुंबई–फ्रँकफर्ट विमानातली तीच खुर्ची लुफ्तान्साच्या माइल्सवर मिळते, युनायटेडच्या माइल्सवर मिळते आणि एरोप्लानच्या पॉइंटवरही मिळते. फरक पडतो तो वरून भराव्या लागणाऱ्या रकमेत. लुफ्तान्साचा स्वतःचा कार्यक्रम इंधनाच्या नावाखाली अधिभार घेतो, युनायटेड आणि एरोप्लान तो घेत नाहीत. ब्रिटिश एअरवेजच्या लांबच्या विमानांवर तर हा अधिभार इतका चढतो की "फुकट" तिकिटाला काही शे डॉलर मोजावे लागतात. त्यात लंडनहून प्रवास सुरू होत असेल तर ब्रिटनचा एअर पॅसेंजर ड्यूटी हा कर वेगळा, बिझनेस क्लासला तो २०० पौंडांच्या वर जातो. मुंबईहून निघताना सरकारी कर त्यामानाने किरकोळ असतात. एरोप्लानमध्ये एकेरी तिकिटावर ५,००० पॉइंट जास्त देऊन वाटेत काही दिवस मुक्कामही करता येतो. आईला झुरिकला उतरून आल्प्स बघायचे होते, पण शेंगेन व्हिसाची कागदपत्रं पाहून तिनेच "महाबळेश्वर बरं" म्हणून विषय मिटवला.

आणि पॉइंट मिक्सरवर, गिफ्ट कार्डावर किंवा ऑनलाइन खरेदीत उडवू नका. तिथे एका पॉइंटला बहुधा एक सेंटही धड मिळत नाही.

मग एका पॉइंटला किती मिळाले तर चांगलं? हिशोब चौथीतल्या मुलाला येईल असा आहे. रोख भाड्यातून पॉइंट-तिकिटावरचे कर वजा करा आणि उरलेल्याला पॉइंटांनी भागा. समजा एकेरी भाडं ९०० डॉलर, कर ६० डॉलर, पॉइंट ५५,०००. म्हणजे ८४० भागिले ५५,०००, एका पॉइंटला दीड सेंट. ठीक आहे, घ्यायला हरकत नाही. आता बिझनेस क्लास. रोख भाडं ३,६०० डॉलर, कर तेवढाच, पॉइंट ९०,०००. एका पॉइंटला जवळजवळ चार सेंट! इथे लोक हुरळतात, मीही हुरळले होते. पण स्वतःला विचारा, पॉइंट नसते तर आपण ३,६०० डॉलर दिले असते का? आमच्या घरात नाही. आडवं झोपायला मिळण्याचे फार तर १,८०० दिले असते. मग तोच भागाकार दोन सेंटांच्या आतच येतो. इंटरनेटवर मिरवले जाणारे पाच आणि सात सेंटांचे आकडे बहुतेक असेच, कधीही न दिल्या जाणाऱ्या भाड्याला भागून काढलेले असतात.

पहिल्या खेपेला मी असाच एक अप्रतिम आकडा गाठला होता. बिझनेस क्लास, पण दोन ठिकाणी बदल आणि मधे सात तासांची रात्र. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "खुर्ची झकास होती गं, पण पुढच्या वेळी साध्या खुर्चीत बसव आणि एकदाच चढव." तेव्हापासून माझ्या यादीत थेट विमानातली कडेची साधी जागा सगळ्यात वर असते. तिचा भागाकार सव्वा सेंट आला तरी मी घेते. थेट विमानं वेळापत्रकात येत-जात असतात. ते नसलं तर एकच बदल, आणि त्यात निदान अडीच-तीन तासांचं अंतर.

जागा शोधताना आधी एका माणसासाठी शोधा, मग दोघांसाठी. एकच जागा उरलेली असेल तर दोघांच्या शोधात ती दिसतच नाही आणि तुम्ही "काहीच नाही" म्हणून उठून जाता. युनायटेड आणि एअर कॅनडा या दोन्ही साइटवर तीच तारीख ताडून बघा. एका ठिकाणी दिसते आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, अशी जागा कधी कधी भुताची निघते, म्हणजे दिसते पण मिळत नाही. पैसे भरायच्या पायरीपर्यंत जाऊन बघा. एवढं झाल्यावरच बँकेतून पॉइंट वळवा. वळवलेले पॉइंट परत येत नाहीत, ही एक ओळ फ्रिजवर चिकटवून ठेवा. चेसमधून युनायटेड किंवा एरोप्लानला ते एकास एक आणि बहुधा मिनिटांत पोचतात, त्यामुळे आधीपासून वळवून ठेवायचं काही कारणही नाही. "या महिन्यात वीस टक्के जास्त" असा बोनस आला तरी समोर जागा नसेल तर गप्प बसायचं. विमान कंपन्या एका रात्रीत दर वाढवतात, आणि तेव्हा तो बोनस कुठल्या कुठे जातो.

नावाकडे वळू, कारण आपल्या लोकांची खरी गोची तिथे होते. मराठी माणसाच्या पासपोर्टात "गिव्हन नेम"च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळं. अमेरिकन साइटवर मात्र तीन रकाने. वडिलांचं नाव मधल्या रकान्यात टाका की पहिल्याला जोडून टाका, अक्षरं पासपोर्टाबरहुकूम हवीत. बोर्डिंग पासवर ती दोन नावं एकमेकांना चिकटून आली तर घाबरू नका, ते चालतं. चालत नाही ते लग्नाआधीचं आडनाव, किंवा घरी सगळे "ताई" म्हणतात म्हणून भलत्याच स्पेलिंगने भरलेलं नाव. तेव्हा पासपोर्टाच्या पानाचा फोटो मागवून, समोर ठेवूनच टाइप करा, फोनवर ऐकून नको. पॉइंट तुमचे असले तरी प्रवासी तुम्हीच असायला हवं असं नाही. आई-बाबांची खाती उघडत बसू नका, पॉइंटांवरच्या तिकिटाला नवे माइल्स मिळत नाहीत.

तिकीट निघालं की सुटलो असं वाटतं, आणि मी तिथेच ठेच खाल्ली. सहा अक्षरांचा पीएनआर म्हणजे फक्त आरक्षण. खरं तिकीट म्हणजे तेरा आकडी क्रमांक. एरोप्लानवर काढलेला ०१४ ने सुरू होतो, युनायटेडवरचा ०१६ ने. ई-मेलमध्ये तो नसेल तर तिकीट नाही, एवढं साधं आहे. आमच्याकडे तो होता. पण मधल्या काळात विमानाची वेळ पाऊण तासाने सरकली, मी "मान्य" असं बटण दाबलं आणि तिकीट नव्याने निघालं की नाही ते पाहिलंच नाही. रात्री अकरा वाजता बाबा मुंबईच्या टर्मिनल टू वरून बोलत होते, इथे दुपारचा दीड. "काउंटरवरची मुलगी म्हणते आहे, नाव दिसतंय, तिकीट दिसत नाही." आई ट्रॉलीवर भाजणीच्या पिशवीला टेकून बसलेली, मागून तिचा आवाज, "चिवडा खाऊन घ्या तोवर." तिकीट देणारी कंपनी म्हणे ज्यांचं विमान त्यांना विचारा, विमानवाले म्हणत तिकीट देणाऱ्यांना विचारा. दीड तास दोन फोन दोन कानांना लावून मी तो क्रमांक पुन्हा काढून घेतला. काउंटर बंद व्हायला वीस मिनिटं राहिली होती. तेव्हापासून महिन्यातून एकदा, आणि वेळ बदलल्याचा मेल आला की त्याच दिवशी, मी तो तेरा आकडी क्रमांक तपासते.

तिकीट काढतानाच विमान चालवणाऱ्या कंपनीचा वेगळा पीएनआर मागून घ्या. एरोप्लानवर काढलेलं तिकीट लुफ्तान्साच्या साइटवर लुफ्तान्साच्या पीएनआरनेच उघडतं. जागा, जेवण, व्हीलचेअर, सगळं तिथे नोंदवायचं असतं. व्हीलचेअरला पैसे पडत नाहीत, निदान ४८ तास आधी सांगा. बाबांना आवडत नाही, पण लांबच लांब रांगेत ती आवडायला लागते. भारतीय शाकाहारी जेवणाचा कोड एव्हीएमएल, जैन हवं तर व्हीजेएमएल. ही नोंद २४ तास आधी झाली पाहिजे. नुसतं "व्हेज" म्हणालात तर उकडलेली ब्रोकोली येईल आणि आई केळ्यावर न्यू जर्सी गाठेल. वेळ सरकली की या नोंदी कधी कधी पुसल्या जातात, तेव्हा त्याही पुन्हा बघा.

रद्द करण्याचा दंडही आधीच वाचून ठेवा. युनायटेडचं पॉइंट-तिकीट विमान सुटण्याआधी रद्द केलं तर माइल्स परत येतात. एरोप्लानचे पॉइंटही येतात, पण दंड कापून. म्हणून अनिश्चित परतीसाठी मी थोडे जास्त माइल्स देऊनही युनायटेडकडूनच काढते.

शेवटी एक कागद छापून बाबांच्या शर्टाच्या खिशात, फोनमध्ये नाही. दोन्ही पीएनआर, तेरा आकडी क्रमांक दोघांचा वेगवेगळा, माझा नंबर, आणि मोठ्या अक्षरांत तिकीट देणाऱ्या कंपनीचा फोन. आईच्या पर्समध्ये त्याची दुसरी प्रत, कारण बाबांचा शर्ट निघायच्या आधी तासभर बदलला जातो.