टॅक्स थकलेली गाडी उभ्याउभ्या ठोकली गेली? क्लेम करताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात 'एमएच पासिंग'च्या गाड्या गल्लोगल्ली दिसतात. कोणी कोल्हापूरच्या पाहुण्याकडून घेतलेली असते, कोणी पुण्याची नोकरी सोडून येताना सोबत आणलेली. इकडे येऊन वर्ष उलटतं, कर्नाटकचा आजीवन कर भरायचा राहून जातो आणि एक दिवस खडेबाजारात किंवा घरासमोर उभ्या गाडीला कोणीतरी धडकतं. पहिली चूक तिथंच होते. "आपलाच टॅक्स भरलेला नाही, कशाला भानगड" म्हणत माणूस दोन-तीन हजार खिशात घालून गप्प बसतो. मागून गॅरेजवाला डिकीचा दरवाजा उघडून आतला पत्रा दाखवतो, तेव्हा खर्च तीस हजारांवर गेलेला असतो.

तुमचा टॅक्स थकला म्हणून ठोकणाऱ्याची जबाबदारी सुटत नाही. त्याचा थर्ड पार्टी विमा अशाच नुकसानीसाठी आहे. तुमच्या कराचा हिशेब आरटीओ तुमच्याशी करेल, दंडही लावेल. भरपाईच्या दाव्यात तो मुद्दा गैरलागू. उभ्या गाडीच्या मालकावर दोष येतो तो वेगळ्या कारणाने. पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या कडेला रात्री पार्किंग लाइट न लावता, अर्धी गाडी रस्त्यावर ठेवून उभी केली असेल, तर निष्काळजीपणात तुमचाही वाटा धरून भरपाई कापली जाते.

टॅक्स आणि नोंदणी यांची गल्लत

ही गल्लत सगळ्यात महाग पडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीला तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. तो घेतला नाही तर कायदा मोडला हे खरं, पण तुमची मूळ नोंदणी तेवढ्याने आपोआप रद्द होत नाही. उभी गाडी ठोकली जाण्याशी थकलेल्या कराचा कार्यकारण संबंधही नाही, आणि विमा कंपनीला लेखी उत्तर देताना हाच मुद्दा पुढे ठेवायचा.

नोंदणीच संपलेली असेल तर मात्र गोष्ट बदलते. तात्पुरत्या नंबरची मुदत संपल्यावरही गाडी वापरल्यास तो पॉलिसीच्या अटींचा मूलभूत भंग ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलं. २०२१ च्या निकालात तर बाहेर उभी केलेली गाडी चोरीला गेली होती. तिथेही कंपनीने क्लेम नाकारला तो योग्यच ठरला. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. जुनी गाडी सांभाळणाऱ्यांनी आरसी बुकवरची तारीख आजच पाहावी. भारत सिरीजच्या गाड्यांचा कर दोन-दोन वर्षांनी भरायचा असतो, तोही अनेकांच्या लक्षातून जातो.

पुरावा गोळा करण्याआधी गाडी हलवणं

वाहतूक खोळंबली की लोक ओरडायला लागतात, तरी दोन मिनिटं काढा. चारही बाजूंनी फोटो, त्यातला एक लांबून: दुकानाची पाटी किंवा विजेचा खांब, तुमची चाकं कुठे आहेत आणि रस्ता किती मोकळा आहे हे एकाच चौकटीत यावं. दुसऱ्या गाडीचा नंबर, तिच्यावर लागलेला तुमचा रंग, फुटलेल्या काचेचे तुकडे. समोरच्या दुकानदाराला सीसीटीव्हीचं फुटेज त्याच दिवशी मागा, कारण जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवं चढतं.

एम-परिवहन अ‍ॅपवर ठोकणाऱ्याचा नंबर टाकला की विम्याची कंपनी आणि मुदत दिसते. जागेवरच स्क्रीनशॉट घ्या, त्यावर वेळ येईल असा. विमा संपलेला माणूस संध्याकाळी ऑनलाइन पॉलिसी काढतो आणि दुसऱ्या दिवशी ती पुढे करतो. पॉलिसीवर सुरू होण्याची वेळ छापलेली असते, तिथे तो पकडला जातो.

गळीत हंगामात ऊस वाहणारी ट्रॉली उभ्या गाडीला घासून जाणं तर नेहमीचंच. इथे लोक फक्त ट्रॅक्टरचा नंबर टिपतात. ट्रॉलीचाही टिपा, नसेल तर नंबर नसलेल्या मागच्या बाजूचा फोटो घ्या. ट्रॅक्टरचा विमा आहे पण ट्रॉलीचा नाही, किंवा शेतीकामाच्या पॉलिसीवर भाड्याची वाहतूक चालू होती, असे वाद कंपनी हमखास काढते. कोणत्या कारखान्याकडे माल चालला होता हेही विचारून ठेवा. त्यावरून ट्रॅक्टरचा मालक सापडतो.

पोलिसांचा महजर (पंचनामा) आणि जबाब कन्नडमध्ये असतो. सही करण्याआधी कोणाकडून तरी वाचून घ्या आणि तीन गोष्टी तपासा: गाडी 'उभी होती' असं लिहिलंय का, दोन्ही नंबर बरोबर आहेत का, तारीख-वेळ जुळते का. 'दोन गाड्यांची टक्कर' असं एक वाक्य गेलं तरी पुढे वकिलाला घाम फुटतो. एफआयआर नोंदवला गेला तर तक्रारदाराला प्रत विनामूल्य मिळते.

कोणत्या विम्यातून पैसे घ्यायचे

ठोकणाऱ्याची कंपनी तुमच्या गॅरेजला थेट चेक देईल, ही अपेक्षा सोडा. मालमत्तेच्या नुकसानीचा थर्ड पार्टी दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो. अपघात जिथे झाला किंवा तुम्ही जिथे राहता तिथेच तो दाखल करता येतो, त्यामुळे ठोकणारा सांगलीचा असला तरी बेळगाव सोडावं लागत नाही. सहा महिन्यांची मुदत चुकवू नका. तुमच्याकडे नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर हाच एक रस्ता आहे. ठोकून पळालेल्या गाडीसाठी सरकारी भरपाई मिळते ती मृत्यू किंवा गंभीर दुखापतीला, पत्र्याला नाही.

फुल इन्शुरन्स असेल तर स्वतःच्या कंपनीकडून काम लवकर होतं, पण आधी हिशेब करा. समजा सहा वर्षांची, १५०० सीसीच्या आतली गाडी आहे आणि झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नाही. प्लास्टिकचा बंपर ८,००० चा, त्यातले निम्मे कापले जातात. डिकीचा दरवाजा १४,००० चा, पत्र्याला या वयात ४० टक्के घसारा, म्हणजे ८,४०० मिळतात. पेंटिंग १०,००० चं असेल तर त्यातले २५ टक्के रंगाचे धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, हातात ८,७५०. मजुरीचे ५,००० पूर्ण. बेरीज २६,१५०, त्यातून १,००० सक्तीची वजावट. ३७,००० च्या बिलावर २५,१५० मिळाले (जीएसटी बाजूला ठेवून).

आता नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट. तुमचा ५० टक्के होता तर पुढच्या नूतनीकरणाला तो शून्यावर येतो आणि २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढत पुन्हा ५० ला पोहोचतो. पाच वर्षांतली तूट एका वर्षाच्या मूळ ओडी (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा) प्रीमियमच्या सव्वापट भरते. ओडी ९,००० असेल तर सुमारे ११,०००. तेव्हा हातात येणारी रक्कम त्याच्या आत असेल तर क्लेम न केलेलाच बरा. बंपरला नुसता ओरखडा असताना कॅशलेसचा हट्ट धरणाऱ्यांनी हे आकडे कागदावर मांडून पाहावेत.

सर्व्हेअर येण्याआधी काम सुरू करू नका आणि बदललेले जुने भाग तपासणी होईपर्यंत टाकू नका. स्वतःच्या कंपनीने कापलेली रक्कम ठोकणाऱ्याकडून मागता येते, पण एकच बिल दोन्हीकडून वसूल करता येत नाही.

पत्ता लपवणं

गाडी बेळगावच्या टिळकवाडीत ठोकली गेली आणि क्लेम फॉर्मवर ठिकाण लिहिलं महाराष्ट्रातलं कागल, असं करणारे आहेत. फास्टॅगची नोंद, फोटोतलं लोकेशन, गॅरेजचं जुनं बिल यातलं काहीही खोटं उघडं पाडायला पुरतं. टॅक्स थकल्याने जो क्लेम नाकारता आला नसता, तो खोट्या माहितीमुळे नाकारला जातो. शिवाय लपवून फायदाही नाही. ओडी प्रीमियमसाठी कोल्हापूर आणि बेळगाव दोन्ही 'ब' झोनमध्ये येतात. पुणे 'अ' झोनमध्ये आहे, म्हणजे पुण्याच्या गाडीवाल्याचा प्रीमियम इकडे नोंदणी केल्यावर थोडा उतरेलच.

गाडी विकत घेतली पण नावावर केली नाही, ही या भागातली जुनी खोड. थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप जातो; ओडीसाठी १४ दिवसांत पॉलिसी बदलून घ्यावी लागते. ती आधीच्या मालकाच्या नावावर राहिली तर तुमच्या पत्र्याचे पैसे कोणालाच मिळत नाहीत.

थकलेला टॅक्स खरा आडवा येतो तो टोटल लॉसमध्ये. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की गाडी कंपनी ताब्यात घेते आणि आरसी हस्तांतरणाचे कागद मागते. वाहन पोर्टलवर थकबाकी दिसत असेल तर ते हस्तांतरण अडतं आणि पैसेही अडतात. अशा वेळी आधी कर आणि दंड भरून पावती जोडावी.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. कंपनीच्या तक्रार कक्षाला पत्र द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर बेंगळुरूच्या विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत तक्रार करता येते, फी नाही, वकीलही लागत नाही. बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे.