एअर रायफलला साइट कोणती: ओपन, पीप की स्कोप?

ठाणे-नवी मुंबईत ४.५ मिमीची, म्हणजे ०.१७७ ची स्प्रिंग एअर रायफल घेतली की पुढचा खर्च ठरलेला असतो: स्कोप. दुकानात ३-९×४० चा (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ४० मिमीची) डबा समोर येतो, नऊ पट मोठं दिसतं म्हणून तो घेतला जातो आणि दहा मीटरवर ग्रुप, म्हणजे लागोपाठच्या छर्ऱ्यांचा पुंजका, आधीपेक्षा पसरतो. दोष हाताचा नसतो. तो स्कोप या रायफलसाठी आणि या अंतरासाठी बनलेलाच नसतो.

म्हणून आधी अंतर ठरवा. क्लबची रेंज म्हणजे १० मीटर. मुरबाड-शहापूरकडे शेत असेल आणि तिथे डबे मांडणार असाल, तर १५ ते ३० मीटर. घोडबंदर रोडवरच्या टू बीएचकेत हॉल आणि पॅसेज मिळून सहा-सात मीटर निघाले तरी पुष्कळ. गच्चीचा विचारही करू नका. कठड्याला लागून उडालेला छर्रा शेजारच्या विंगमध्ये जातो. खाडीकाठच्या पक्ष्यांवर नेम धरणं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली थेट गुन्हा आहे. ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, हेही ध्यानात असू द्या.

दहा मीटरच्या टार्गेटची मापं पाठ असली की साइटची निवड सोपी होते. काळा गोल ३०.५ मिमी, दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मिमी. खालची प्रत्येक साइट याच मापाला लावून पाहायची.

ओपन साइट

रायफलसोबत मिळते तीच. बहुतेकांनी पहिलं वर्ष हिच्यावरच काढावं. एक कारण सरळ आहे: राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर ओपन साइट एअर रायफलचा वेगळा गट असतो. दुसरं कारण यांत्रिक आहे आणि ते फारसं कोणी सांगत नाही. मोडून भरायच्या रायफलमध्ये फ्रंट आणि रिअर या दोन्ही साइट नळीवरच बसलेल्या असतात. नळी बंद होताना केसभर इकडेतिकडे बसली तरी दोन्ही साइट तिच्यासोबत हलतात आणि नेम फारसा बिघडत नाही. स्कोप मात्र मागच्या सिलिंडरवर बसतो. त्यामुळे नळीची ती केसभर चूक थेट टार्गेटवर उमटते.

स्वस्त रायफलच्या ओपन साइटमधली खरी अडचण म्हणजे लाल-हिरवे चमकणारे फायबरचे ठिपके. दीड मिमीचा ठिपका डोळ्यापासून साधारण ९० सेंमीवर असतो, त्यामुळे दहा मीटरवर तो जवळजवळ १७ मिमी झाकतो. म्हणजे काळ्या गोलाचा अर्ध्याहून जास्त भाग गेला. शिवाय चमकेमुळे कडा कुठे संपते तेच कळत नाही. फायबरवर काळ्या इन्सुलेशन टेपची बारीक पट्टी लावा किंवा काळ्या मार्करने रंगवून टाका. काजळी धरायची जुनी पद्धत लोखंडी साइटपुरती, प्लॅस्टिक वितळतं. आता फ्रंट साइटचा सपाट माथा स्पष्ट दिसेल. त्याच्या दोन्ही बाजूंना सारखा उजेड ठेवा आणि काळा गोल माथ्याच्या किंचित वर, मध्ये पांढरी रेघ राहील असा धरा. नजर माथ्यावर हवी. टार्गेट थोडं धूसर दिसलं तरी चालतं, नव्हे, तसंच दिसायला हवं.

चाळिशीनंतर हाच माथा धूसर होतो. तेवढ्यावरून स्कोपकडे धावू नका. चष्मेवाल्याकडे लांबच्या नंबरात +०.५० किंवा +०.७५ मिळवून नेमबाजीपुरता वेगळा चष्मा करून घ्या. प्रोग्रेसिव्ह काच इथे कामाची नाही, कारण नेम धरताना मान वाकते आणि नजर काचेच्या भलत्याच भागातून जाते.

जुळवणीचा नियम एकच: रिअर साइट छर्ऱ्याला न्यायचं त्या दिशेला हलवा, फ्रंट साइट उलट दिशेला.

पीप साइट

बीजिंगला २००८ मध्ये अभिनव बिंद्राचं सुवर्ण आणि पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेचं कांस्य ही दोन्ही पीप साइटवरची पदकं आहेत. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बिणीची साइट चालतच नाही. पनवेलला सुमा शिरूर यांच्या लक्ष्य क्लबसारख्या ठिकाणी रीतसर शिकायचं असेल तर स्कोपवर एक रुपयाही घालू नका.

मागच्या बारीक भोकातून पाहायचं, पुढच्या रिंगमध्ये काळा गोल बसवायचा आणि भोवती पांढरी कडा सगळीकडून सारखी ठेवायची. नवशिका हमखास लहान रिंग घेतो, कारण ती जास्त अचूक वाटते. प्रत्यक्षात पांढरी कडा इतकी बारीक होते की हात जरा हलला तरी गोल रिंगला चिकटतो आणि माणूस घाईने ट्रिगर ओढतो. सुरुवात ३.८ मिमीच्या आसपास करा. त्रास वाटला तर ४.० किंवा ४.२ वर जा. मागचं भोक १.१ ते १.३ मिमी ठेवा. काळा गोल राखाडी दिसला तर भोक मोठं आहे, सगळंच अंधारलं तर लहान. टार्गेटवर उजेड भरपूर हवा. स्पर्धेत तो किमान १५०० लक्स असतो, घरी एक चांगला एलईडी स्पॉट टार्गेटवर आणि आपल्या बाजूला त्याहून कमी उजेड.

पीप विकत घेण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा: सिलिंडरवर ११ मिमीची खाच आहे का, आणि फ्रंट साइट काढून तिथे टनेल (रिंग धरणारं नळकांडं) बसवता येतो का. बऱ्याच स्वस्त रायफलींची फ्रंट साइट नळीला कायमची जोडलेली असते. अशा ठिकाणी नुसती मागची पीप लावली तर दोन्हींची उंची जुळत नाही. मग सगळे छर्रे वर किंवा खाली जातात आणि स्क्रू शेवटपर्यंत फिरवूनही ते मध्यावर येत नाहीत.

स्कोप

शेतावर २०-३० मीटरला मारायचं असेल तर स्कोपला अर्थ आहे. घेताना नऊ पट की बारा पट हे शेवटी पाहा. आधी पॅरालॅक्स.

साधा रायफल स्कोप ९१ मीटरला, म्हणजे १०० यार्डांना बसवलेला असतो. त्याहून जवळच्या टार्गेटवर डोळा मध्यापासून सरकला की क्रॉसहेअरही (स्कोपमधल्या नेमाच्या आडव्या-उभ्या रेघा) टार्गेटवर सरकतो, रायफल तसूभरही हललेली नसताना. ही चूक जास्तीत जास्त किती होईल, त्याचा हिशोब असा: पुढच्या काचेचा अर्धा व्यास गुणिले दोन अंतरांमधला फरक, भागिले बसवलेलं अंतर. ४० मिमीच्या काचेला १० मीटरवर २० × ८१ ÷ ९१, म्हणजे जवळजवळ १८ मिमी. काळ्या गोलाची त्रिज्या १५ मिमी आहे. नऊ पटीचा स्कोप लावूनही ग्रुप का पसरतो, ते इथे कळतं. म्हणून पुढच्या काचेभोवती किंवा बाजूच्या चकतीवर फोकस फिरवता येतो आणि तो १० मीटरपर्यंत खाली येतो, असाच स्कोप घ्या. दुकानातच तपासा: स्कोप कशावर तरी टेकवून ठेवा, हात न लावता पाहा आणि डोकं हळूच डावीउजवीकडे न्या. क्रॉसहेअर लक्ष्यावरून घसरता कामा नये.

दुसरा मुद्दा धक्क्याचा. स्प्रिंग रायफल आधी मागे आणि पिस्टन थांबताच पुढे झटका देते. बंदुकीसाठी बनवलेले स्कोप फक्त मागच्या धक्क्याची तयारी ठेवतात. पुढच्या झटक्याने आतली काच सैल होते किंवा क्रॉसहेअर तुटतो. डब्यावर स्प्रिंग एअर रायफलसाठी चालेल असं स्पष्ट लिहिलेलं हवं. मोठ्या बंदुकीला चालतो म्हणजे छर्ऱ्याच्या बंदुकीला चालेलच, हा दुकानदाराचा युक्तिवाद मान्य करू नका.

मोठेपणा चार पट असला तरी भागतं. ४×३२ मध्ये डोळ्यापर्यंत ८ मिमीचा प्रकाशझोत येतो, ३-९×४० नऊ पटीवर ठेवला की ४.४ मिमीचा. संध्याकाळी झाडाखाली तो फरक लगेच दिसतो.

रेड डॉटबद्दल, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या साइटबद्दल, थोडक्यात: २ एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) ठिपका दहा मीटरवर ६ मिमी झाकतो. डबे पाडायला मजा, कागदावर उपयोग कमी. ठिपका चांदणीसारखा फुटलेला दिसला तर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहा. कॅमेऱ्यात गोल दिसला तर दोष साइटचा नाही, तुमच्या डोळ्यात सिलिंड्रिकल नंबर आहे.

बसवणं आणि झिरो करणं

माउंट ११ मिमी खाचेचा हवा. पिकॅटिनी रेलचा माउंट २१ मिमी रुंद पट्टीसाठी असतो, तो इथे बसत नाही. शक्यतो एकसंध माउंट घ्या, आणि त्याला खाली स्टॉप पिन असलेला. पिन सिलिंडरवरच्या भोकात उतरली नाही तर दर छर्ऱ्यागणिक माउंट मागे सरकत जातो.

खाच स्पिरिटने पुसून तेल काढा. माउंट बसवा, स्कोप सैल ठेवा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा आणि मग डोळे उघडा. भोवती काळी कडा न दिसता पूर्ण गोल दिसेपर्यंत स्कोप पुढेमागे करा. बहुतेक स्कोपना डोळा ७५ ते १०० मिमीवर हवा असतो. दहा मीटरवर दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडा आणि क्रॉसहेअरची उभी रेघ दोऱ्याला जुळवा. मग रिंगचे स्क्रू कर्णाच्या क्रमाने, थोडे थोडे आवळा. ॲलन की दोन बोटांनी, मुठीने नाही. जास्त आवळलं की स्कोपचं नळकांडं दबतं आणि आतली फिरकी, म्हणजे क्रॉसहेअर सरकवणारी यंत्रणा, अडखळते.

आता झिरो, म्हणजे नेम आणि छर्रा एकाच जागी आणणं: पहिले पाच छर्रे मारा आणि ग्रुपचा मध्य मोजा. पाव एमओएची एक क्लिक (जुळवणीच्या चकतीचा एक टप्पा) १० मीटरवर ०.७३ मिमी सरकवते, म्हणजे १५ मिमीसाठी २० क्लिक. डब्यावरचं माप १०० यार्डांचं असतं, ते इथे लावलं तर हिशोब नऊपट चुकतो. रायफल थेट वाळूच्या पिशवीवर टेकवू नका, तळहात मध्ये ठेवा आणि सैल धरा. स्प्रिंग रायफल जशी धरली तशी उडते, घट्ट धरली की छर्रा दुसरीकडे. छर्ऱ्यांचा डबा बदलला तर झिरो पुन्हा पाहा.

दहाला झिरो केलेला स्कोप पाच मीटरवर जवळजवळ दोन सेंमी खाली मारतो. यात बिघाड काही नाही. स्कोप नळीच्या ४५ मिमी वर आहे आणि छर्रा अजून त्या रेषेपर्यंत चढलेला नसतो.

क्लिक संपल्या तरी छर्रे खालीच जात असतील तर नळीचं तोंड किंचित खाली झुकलेलं आहे. मोडत्या रायफलींमध्ये हे नेहमीचं. मागच्या रिंगखाली कोल्ड्रिंकच्या कॅनचा तुकडा घाला. रिंगांमध्ये १०० मिमी अंतर असेल तर ०.१ मिमीची पट्टी दहा मीटरवर नेम १० मिमी वर नेते. दोन पट्ट्यांपलीकडे जाऊ नका, स्कोप वाकतो. मग झुकाव भरून काढणारा माउंटच घ्या.

ग्रुप अचानक भरकटला तर स्कोपला दोष देण्याआधी दस्त्याचे स्क्रू पाहा. दहातल्या बऱ्याच वेळा तेच सैल असतात. मग माउंटच्या मागे खाचेवर पेन्सिलची रेघ मारा आणि वीस छर्ऱ्यांनी तपासा, सरकला असेल तर दिसेल.

पावसाळा

जून ते सप्टेंबर वाशी-ऐरोलीच्या खाडीकाठी काचेला बुरशी धरते. रायफलच्या फोमच्या पेटीत स्कोप ठेवू नका, फोम ओल धरून ठेवतो आणि खालून गंजही चढतो. हवाबंद डब्यात १०० ग्रॅम सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांवर. एसी खोलीतून थेट बाहेर काढला की काच धुरकटते. बॅगेतच अर्धा तास राहू द्या. धुरकटपणा आतून असेल आणि जात नसेल तर सील गेलं, आतला नायट्रोजनही गेला. काच आधी हवेच्या फुग्याने झटका, मग मायक्रोफायबर. शर्टाचं टोक नको. साइटच्या स्क्रूंना तेलाचा थेंब चालेल, पण सिलिंडरमधून छर्ऱ्याकडे हवा जाते त्या भोकात तेल गेलं तर ते दाबाने पेटतं. धूर निघतो, वेग भलताच वाढतो आणि स्प्रिंगची वाट लागते.

सेकंडहँड स्कोप घ्यायचा असेल तर रेंजवर चौकोन करून पाहा: तीन छर्रे, २० क्लिक उजवीकडे आणि तीन छर्रे, २० वर, २० डावीकडे, २० खाली. शेवटचे तीन पहिल्या तिघांवर पडले आणि चौकोनाची बाजू १५ मिमीच्या आसपास आली तर आतली फिरकी शाबूत आहे.