डे लिली लावायचीये? मग हे बघून घ्या

नर्सरीत नुसतं "लिली द्या" म्हटलं की काहीही हातात येतं, कधी रेन लिलीचे बारके कांदे तर कधी मे महिन्यात फुलणाऱ्या लाल लिलीचा मोठ्ठा कांदा. डे लिलीला कांदा नसतोच, खाली शतावरीसारख्या जाड मुळ्यांचा झुपका आणि वर पंख्यासारखी पसरलेली लांब पानं, एवढं बघूनच घ्या. आणि पुणे-नाशिककडच्या हवेत सदाहरित जातीच घ्या, कारण काही जाती थंडीत पानं टाकून झोपतात आणि त्यांना जेवढी कडक थंडी लागते तेवढी आपल्याकडे पडत नाही, मग रोप हळूहळू खंगत जातं.

ऊन ५-६ तास तरी हवंच, पण शक्यतो सकाळचं. दुपारच्या उन्हात गडद लाल, जांभळी फुलं पार कोमेजतात, पिवळी-केशरी त्यातल्या त्यात टिकतात.

कुंडी १२ इंची घ्या, मधे मातीचा छोटा उंचवटा करा आणि मुळ्या त्यावरून चारी बाजूंना सोडा. पानं-मुळं जुळतात तो भाग मातीखाली फक्त एक इंच, खोल गेला की फुलं रुसतात आणि पावसाळ्यात कुजायची भीती. कुंडीखालची बशी जूनमध्ये काढूनच टाका.

एक फूल एकच दिवस टिकतं म्हणून बरेच जण नाराज होतात, पण एका दांड्यावर डझनभर कळ्या असतात हो! रोज सकाळी नवीन फूल, मला तर हीच खरी मजा वाटते, म्हणून कुंडी गच्चीच्या कोपऱ्यात नको, चहा पिताना दिसेल अशी ठेवा. कालचं फूल मात्र रोज खुडा, त्याचा चिकट लगदा होतो, शेजारच्या कळीला चिकटतो आणि मग ती नीट उघडत नाही. एका हाताने दांडा धरायचा आणि फूल खालच्या हिरव्या गाठीसकट बाजूला मोडायचं, गाठ राहिली तर बी धरतं आणि झाडाची ताकद त्यातच जाते. जपून, बाजूच्या कळ्या फार ठिसूळ असतात.

घरात मांजर असेल तर प्लीज लावू नका, तिच्या किडनीसाठी हे झाड जीवघेणं आहे.

३-४ वर्षांत झुपका दाटला की फुलं कमी होतात, तेव्हा पाऊस सरल्यावर उपटून २-३ पंख्यांचे भाग करा, पानं अर्धी छाटा आणि परत लावा. कधीकधी फुलाच्या दांड्यावरच छोटंसं रोप फुटतं, ते फेकू नका, मुळं दिसली की काढून वेगळ्या कुंडीत लावा.