मेनिंजायटीस निघालाय म्हणाले, आता घरच्यांनी काय करायचं

माझ्या धाकट्या भावाला हा आजार, म्हणजे मेंदूभोवतीच्या पापुद्र्यांना सूज, झाला होता, तेव्हापासून ओळखीत कुणाकडे मेनिंजायटीस निघाला की मला फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, पाठीतलं पाणी काढायचं म्हणतायत, सही करू का?" करा. आधी सही करा, बाकीचं नंतर वाचा.

ही भीती आमच्याही घरात होती. पाणी काढलं की माणूस लुळा पडतो असं कुणीतरी सांगितलेलं असतंच, आमच्याकडे काकांनी सांगितलं आणि बाबा पेन हातात धरून पाऊण तास कॉरिडॉरमध्ये फोनवर बोलत बसले. नंतर डॉक्टरांनी नीट समजावलं की मोठ्या माणसात मणक्यातला मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली घालतात, तिसऱ्या चौथ्या किंवा चौथ्या पाचव्या मणक्याच्या मधे, तिथे नुसतं पाणी आणि सुट्या नसा असतात. पेशंटला कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी घ्यायला लावतात, जागा बधीर करतात आणि थेंब थेंब पाणी बाटलीत धरतात. हे पाणी स्वच्छ पाहिजे, नळाच्या पाण्यासारखं. आमच्याचं तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं होतं, मला रिपोर्ट यायच्या आधीच कळलं.

त्या पाण्याला एवढं महत्त्व का, तर मेंदू आणि मज्जारज्जूभोवती तीन पातळ पापुद्रे असतात, त्यांना सूज येणं म्हणजे मेनिंजायटीस, पण ती सूज कशाने आली हे बाहेरून कळत नाही. बॅक्टेरिया, व्हायरस, टीबी, क्वचित फंगस, प्रत्येकाचं औषध वेगळं आणि दिवस पण वेगळे. पाण्यात पेशी किती, साखर किती, प्रोटीन किती यावरून अंदाज येतो, बॅक्टेरिया किंवा टीबी असेल तर साखर खाली जाते, व्हायरल असेल तर बहुतेकदा नॉर्मल राहते. आणखी एक, आपल्याकडे याला मेंदूज्वर म्हणतात पण जपानी मेंदूज्वराला पण तेच म्हणतात, त्यात सूज मेंदूलाच असते, म्हणून नातेवाईकांच्या शब्दावर जाऊ नका, फाईलवर काय लिहिलंय ते विचारून घ्या. पेशंट शुद्धीत नसेल, फिट आली असेल किंवा एका बाजूचे हातपाय ढिले वाटत असतील तर आधी सीटी स्कॅन करतात, ते बरोबरच आहे, पण बॅक्टेरियाचा संशय असेल तर स्कॅनसाठी इंजेक्शन थांबवायचं नसतं, अँटिबायोटिक सुरू झालं का एवढं नक्की विचारा.

आता ओळखायचं कसं. ताप, असं डोकं दुखणं की आयुष्यात कधी दुखलं नाही, हनुवटी छातीला न लागणं, उलट्या, उजेड सहन न होणं आणि बरळणं. सगळं एकदम येईल याची वाट बघू नका. भावाचा आधी कान वाहत होता, मग ताप आला, आम्ही दोन दिवस पॅरासिटामॉल देत बसलो, सायनस असेल म्हणून वाफ पण दिली, तिसऱ्या दिवशी त्याने ट्यूबलाईट बंद करा म्हणून आरडाओरडा केला आणि मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारली तेव्हा गाडी काढली. वाहता कान, सायनस, डोक्याला जुना मार, यातून जंतू आत जाऊ शकतो हे तेव्हा माहीत असतं तर.

तान्ह्या बाळाची मान कडक होईलच असं नाही. टाळू फुगलेली दिसते, दूध तोडतं, किरट्या आवाजात रडतं आणि उचलून घेतलं की गप्प व्हायचं सोडून आणखी रडतं, किंवा एकदम लोळागोळा होऊन पडतं. अंगावर लाल जांभळे ठिपके आले तर काचेचा ग्लास दाबून बघा, दाबूनही ठिपके फिके होत नसतील तर एक मिनिट पण थांबू नका. सावळ्या रंगावर ते पटकन दिसत नाहीत म्हणून तळहात, तळपाय, पापण्यांची आतली बाजू बघा. फिट आली तर कांदा नको, चप्पल नको, तोंडात चमचा तर अजिबात नको, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

ॲडमिट झाल्यावर बॅक्टेरियाचा असेल तर शिरेतून अँटिबायोटिक चालतं, भावाला न्यूमोकोकस नावाच्या बॅक्टेरियाचा होता त्याला १४ दिवस दिलं, सोबत सुरुवातीलाच डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड, कारण त्याने कान जायचा धोका कमी होतो. चौथ्या दिवशी ताप उतरतो, पेशंट चहा मागतो आणि घरच्यांना वाटतं झालं, बिल पण वाढत असतं, तिथे हट्टाने डिस्चार्ज घेऊ नका, कोर्स पूर्ण होऊ द्या. पैशाचं अवघड असेल तर हॉस्पिटल महात्मा फुले योजनेत आहे का ते बघा आणि योजनेचं काम बघणाऱ्या तिथल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी गाठा, शेवटच्या दिवशी धावपळ करून काही होत नाही. व्हायरलवाले बहुतेक आठवडा दहा दिवसात आपोआप सुधारतात.

टीबीचा मेनिंजायटीस मात्र चोरपावलाने येतो. दोन तीन आठवडे बारीक ताप, डोकेदुखी, वजन उतरणं, चिडचिड, घरचे म्हणतात टेन्शन असेल. याची औषधं साधारण वर्षभर चालतात आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, नाव नोंदवलं की निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. लघवी केशरी झाली म्हणून घाबरून गोळ्या बंद करू नका, तो रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाचा रंग असतो. डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या झाल्या किंवा नजर अंधुक झाली तर मात्र लगेच दाखवा. यातलं स्टेरॉईड एकदम बंद करायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं हळूहळू उतरवायचं.

शेजारी पाजारी विचारतात आम्हाला होईल का. मेनिंगोकोकस नावाच्या बॅक्टेरियाचा असेल तर घरातल्या जवळच्या लोकांना प्रतिबंधक गोळी देतात, न्यूमोकोकसला सहसा लागत नाही. टीबीचा डोक्यातून पसरत नाही पण पेशंटच्या छातीत टीबी आहे का ते तपासून घेतात. कप वेगळा, ताट वेगळं असले प्रकार आमच्या बिल्डिंगमध्ये झाले, त्या माणसाला आधीच काय कमी आहे का.

आता घरी आल्यावरचं, जे आम्हाला कुणी धड सांगितलं नाही. बॅक्टेरियाच्या मेनिंजायटीसमधून वाचलेल्या साधारण पाचातल्या एकाला काहीतरी मागे राहतं. कानाची तपासणी डिस्चार्जच्या आधीच मागा, नाहीतर चार आठवड्यांच्या आत करा, मोठ्यांना ऑडिओमेट्री आणि लहानांना बेरा टेस्ट. उशीर का नको, तर या आजारानंतर कानाच्या आतल्या शंखात हाड भरू शकतं आणि मग कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू यायला कानात बसवायचं यंत्र, करायचं ठरलं तरी वायर आत जायला जागा राहत नाही. भाऊ फोन नेहमी डाव्या कानाला लावायचा तो उजव्याला लावायला लागला, आम्हाला वाटलं सवय बदलली असेल, तर डावा कान गेलेला.

थकवा हा दुसरा. अंघोळ केली की झोप, जेवला की झोप, आणि दिसायला एकदम ठणठणीत, त्यामुळे लोक म्हणतात नाटक करतोय. पहिला महिना दिवसाला एकच मोठं काम ठेवा, दुपारची झोप पक्की. भेटायला येणाऱ्यांना खुशाल नाही सांगा, दहा जण एकदम बोलतात आणि टीव्ही चालू असतो ते त्या डोक्याला झेपत नाही. भाऊ तीन आठवड्यात कामावर गेला, दुकानात हिशोब बघतो तो, ४८० मधून ३५० वजा होईनात म्हणून मागच्या गोडाऊनमध्ये जाऊन रडला. मग पुढचे दोन महिने अर्धा दिवस आणि खिशात छोटी वही. मुलगा शाळेत जाणारा असेल तर बाईंना भेटून सांगा, पहिल्या बाकावर बसवा, आणि मार्क कमी आले म्हणून ओरडू नका. चिडचिड, ताट ढकलणं, विनाकारण रडू येणं हे पण आजारातलंच असतं, आईला हे समजावायला मला फार वेळ लागला. तोल जात असेल तर फिजिओ लावा, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत टू व्हीलरची किल्ली लपवा, खरंच लपवा.

परत ताप, सकाळी उठल्या उठल्या उलटी आणि डोकेदुखी, एकाचं दोन दिसणं, सुस्ती वाढत जाणं, फिट, किंवा नाकातून नाहीतर कानातून पाण्यासारखं काही गळणं, यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता जा, कधी कधी मेंदूत पाणी साठतं आणि ते काढून द्यायला शंट म्हणजे बारीक नळी टाकावी लागते.

घरात बाळ असेल तर लसीचं कार्ड काढून बघा. जन्मल्यावरची बीसीजी लहान मुलांना टीबीच्या मेनिंजायटीसपासून वाचवते, पेंटाव्हॅलंट (पाच आजारांची एकत्र लस, त्यात मेनिंजायटीस करणाऱ्या हिब बॅक्टेरियाची पण असते) दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याला असते आणि पीसीव्ही म्हणजे न्यूमोकोकसची लस दीड, साडेतीन आणि नऊ महिन्याला, ती २०२१ पासून देशभर सरकारी केंद्रात फुकट आहे. हजला जाणाऱ्यांना मेनिंगोकोकसची लागतेच आणि परदेशात होस्टेलवर जाणाऱ्या मुलांना पण बरीच कॉलेजं मागतात.

आणि एका कानाने ऐकू येणारं माणूस घरात असेल तर त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसा. आमचा भाऊ आता रिक्षात न सांगता डावीकडच्या कडेला जाऊन बसतो.